भाड्याने देणे नाही

आमच्या घरात राजे खुंटीवर टांगलेले असत. एका खुंटीला तीन-तीन अंगरखे, त्यांच्या खिशात डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या, आणि खाली कोपऱ्यात सुतळीने जुडी बांधलेल्या तलवारी. सानपाड्याला आमची चार मजल्यांची सोसायटी. तळाला बाबांचा ड्रेपरीचा गाळा आणि त्याच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. नाटकांना, शाळेच्या गॅदरिंगला, मिरवणुकांना लागणारे पोशाख बाबा भाड्याने देत. गाळ्यात मावेनासं झालं की दरबार जिना चढून वर यायचा. बाल्कनीतल्या दोरीवर माझ्या युनिफॉर्मच्या शेजारी धुतलेल्या दाढ्या वाळत. सिंहासनाचे दोन लाकडी सिंह स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून बसलेले असत आणि त्यातल्या एकाच्या डोक्यावर आत्या भाकरीचं टोपलं ठेवायची. घरी आलेल्या मैत्रिणी तोंडाचा आ करून बघत राहायच्या. मला मात्र त्यांच्या घरातला सोफासेट बघून तसं व्हायचं.

घर आत्याच्या हातावर चालायचं. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली; तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. आत्या त्याच्याही आधीपासून आमच्याकडे होती. एकोणिसाव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षी कपाळ मोकळं, आणि तिथून भावाच्या घरी. सकाळी सहाला भाकरी थापल्याचा आवाज, आठला शिलाई मशीन सुरू, दुपारी जरा थांबून पुन्हा मशीन, असा तिचा दिवस. कारळ्याची चटणी आणि मेथीची पातळ भाजी तिच्यासारखी मी अजून कुठे खाल्लेली नाही, आणि मला ती जमतही नाही. राण्यांच्या सगळ्या पोशाखांवरचं जरीकाम तिचं. ती स्वतः मात्र फिकट राखाडी नाहीतर मातकट लुगड्यात. दर दिवाळीला बाबा तिला तसलंच नवं लुगडं आणत आणि ती ते हातात घेऊन, "चांगलंय, टिकंल," म्हणत असे. बाबा वाईट नव्हते, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचं तसं मत होईल. त्यांचं बहिणीवर प्रेम होतं. पण राग आला की ते एकच वाक्य बोलत: साताऱ्याला तुझ्या दिराकडे सोडून येतो. दिराने तिला कसं घराबाहेर काढलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. वर्षातून एक-दोनदा हे वाक्य निघायचं आणि त्या दिवशी मी शाळेतून पळत घरी यायचे, आत्या आहे ना ते बघायला.

गाळ्याचे दोन नियम होते. पहिला असा की राजाचा किंवा राणीचा पोशाख अंगावर चढला की त्या माणसाचं नाव संपलं. मापापुरता घातला असला तरी. मग तो सोसायटीचा वॉचमन का असेना, बाबा त्याला "महाराज, हात जरा वर घ्या" म्हणत आणि पोशाख उतरेपर्यंत अहो-जाहो करत. कुणी हसलं तर त्याला बाहेर काढत. दुसरा नियम पट्टीचा. प्रत्येक पोशाखाच्या आतल्या बाजूला एक पांढरी कापडी पट्टी शिवलेली असे आणि तिच्यावर बाबा धोब्याच्या न पुसणाऱ्या शाईने आकडा आणि भूमिका लिहीत. सेनापती, हिवाळी. भालदार, जोडी. पट्टी लागली की तो कपडा कुणा एकाचा राहिला नाही, धंद्याचा झाला.

बाबांचा इतिहास पाठ होता. जुन्या बखरी, छापील चित्रं, कुठल्याशा वाड्यातल्या भिंतीवरून उतरवून घेतलेल्या पगड्यांचे नमुने, सगळं त्यांच्या वहीत. गाळ्यावरच्या पाटीवर त्यांनी रंगवून घेतलं होतं: पोशाख इतिहासाप्रमाणे. आणि मी शाळेत असतानाच टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. एका लहानशा संस्थानाच्या राणीची कथा. नवरा लढाईत गेल्यावर तिने धाकट्या मुलाच्या नावाने कित्येक वर्षं गादी राखली. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नावावरून भांडायला लोक हल्ली टपलेलेच असतात आणि माझं आता वय झालंय. संध्याकाळी मालिका लागली की बाबा पेन्सिल घेऊन बसत आणि चुका टिपत. ही पगडी शंभर वर्षांनंतरची. ह्या तलवारीला मूठ उलटी लावलीय. पण त्यांचा खरा राग राणीवर होता, कारण नवरा गेल्यानंतरच्या भागांतही ती हिरव्यागार शालूत, मोत्यांच्या नथीसकट दरबारात बसायची. "विधवा बाई आहे," बाबा टीव्हीलाच सांगत, "बखरीत स्पष्ट लिहिलंय, शुभ्र वस्त्र नेसून सदरेवर बसत. विधवेला हे असले रंग दाखवतात, लाज नाही वाटत." आत्या भिंतीला टेकून जरी टाचत असायची. तो शब्द आला की तिची सुई थांबायची, पण मान वर व्हायची नाही. हे मला तेव्हा दिसत होतं. कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच भागाचं पुनर्प्रसारण व्हायचं, बाबा खाली गाळ्यात असायचे, आणि आत्या मशीन बंद करून तोच भाग पुन्हा बघायची. तेव्हा तिच्या हातात सुई नसायची.

तळवलीच्या मंडळाची गावदेवीच्या उत्सवाला मोठी मिरवणूक निघे आणि त्यांचे पोशाख वर्षानुवर्षं आमच्याकडून जात. मंडळाचे कर्तेधर्ते बामाशेठ. पूर्वी शेती, आता तीन इमारती, गळ्यात साखळी आणि बोलणं गोड. त्या वर्षी चित्ररथावर ती राणी बसवायची ठरलं. ड्रेपरीच्या धंद्यात मागणी भूमिकेच्या नावाने लिहितात, रंगाने नाही. बामाशेठनी सांगितलं, बाबांनी लिहून घेतलं: शिलेदार वीस, भालदार दोन, राणी एक, आणि पुढे राणीचं नाव. बामाशेठच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची होती, बाबांच्या डोळ्यांपुढे बखरीतली. दोघांनीही विचारलं नाही, कारण दोघांनाही वाटलं, त्यात विचारायचं काय.

मिरवणुकीच्या तीन दिवस आधी बामाशेठ पोशाख बघायला आले. त्यांच्याबरोबर मंडळाची चार पोरं होती. मी गाळ्यात जोड्यांना पॉलिश करत होते. बाबांनी मोठ्या अभिमानाने घडी उलगडली. पांढरी शुभ्र नऊवारी, बारीक काठ, पांढरा शेला. बामाशेठ आधी हसले, त्यांना वाटलं चुकीचं गाठोडं सोडलं. मग चूक नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि हसू गेलं. "आमाला रानी पायजे," ते म्हणाले. "गावदेवीच्या रथावं पांढरं कपाल बसवू? आनि बसनार कोन, माज्या बहिनीची मनीषा. पुढच्या महिन्यान लगीन हाय तिचा."

बाबांनी त्यांना बखर काढून दाखवली. बामाशेठनी ती उघडलीही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्या राणीला ओळखतात आणि ती हिरव्या शालूत असते. पांढऱ्यातली कोण बया आणली म्हणून लोक विचारतील. बाबा म्हणाले, लोकांना खरं दाखवायचं ते आपणच. मग आवाज चढले. एका पोराने शिलेदारांच्या पोशाखांच्या ढिगावर पाय ठेवला, मुद्दाम ठेवला, आणि बाबांकडे बघत राहिला. बामाशेठनी त्याला मागे ओढलं. जाताना ते पुन्हा गोड झाले आणि त्या गोडीचीच मला जास्त भीती वाटली. "मी तुमाला शब्दान मानतो. पन पोरी पांढऱ्यान बाहेर आली तर हे पोरं माजा आयकनार नाय. मंग तुमचा गाला, तुमी न तुमची बखर."

बाबा त्या रात्री जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी एकदाच बोलले: राणी जाईल ती पांढऱ्यातच, नाहीतर जाणार नाही, आणि शिलेदारही जाणार नाहीत. म्हणजे तळवली तुटली. तळवली तुटली की बोनकोडे आणि घणसोलीही तुटणार, कारण ही गावं एकमेकांच्या तोंडाकडे बघून माल घेत. मी आत्याला म्हटलं, तू सांग ना त्यांना. ती म्हणाली, "मी काय सांगू? माझं कोण ऐकतंय." आणि कणीक मळत राहिली.

त्या दुपारी बाबा वाशीला एका शाळेत मापं घ्यायला गेले. मी शाळेतून आले तर दाराला आतून कडी. आत्याने दार उघडलं आणि मला आत ओढून पुन्हा कडी लावली. खोलीभर एक हिरवा शालू पसरला होता. मी तो आधी कधी पाहिला नव्हता. पदरावर जरीचे मोर, काठ तांबूस पडलेला, घड्यांवर पांढरट रेघा. "माझ्या लग्नातला," ती म्हणाली. "दादानंच घेतला होता. शालूच्या दुकानात तीन तास बसला होता म्हणे." ड्रेपरीची नऊवारी शिवलेली लागते, रथावर तासन्‌तास नेसतं लुगडं टिकत नाही, कापून, काष्टा शिवून, कमरेला नाडी घालावी लागते. ते मला माहीत होतं. तरीसुद्धा तिने मोठी कात्री उचलली तेव्हा मी तिचा हात धरला. एकदा कापला की तो पुन्हा कुणाला नेसता येणार नव्हता. आत्याने माझा हात अलगद बाजूला केला आणि कात्री चालवली. जरीतून जाताना कात्री करकरते. तो आवाज मी पुढे हजारदा ऐकला, स्वतःच्या हातांनी काढला, पण त्या दुपारचा आवाज वेगळा होता. तिचा चेहरा रडवेला वगैरे नव्हता. ओठ घट्ट मिटून, माप चुकू नये म्हणून ती डोळे बारीक करून बघत होती. दोन दुपारी तिने मशीन मारलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पोशाखाच्या गाठोड्यात तळाशी हिरवा घालून ते माझ्याकडे दिलं. बायकांना पोशाख चढवायचं काम माझ्याकडे होतं. उत्सवाच्या जागी आत्या कधी येत नसे. कुणी ये म्हणत नसे.

"बाबा तुला सोडून येतील," मी म्हटलं.

"मला माहिताय," ती म्हणाली. "जा तू."

टेम्पोत बाबांच्या शेजारी बसून ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ते गाठोडं माझ्या मांडीवर होतं आणि मला वाटत होतं की खड्ड्यागणिक ते आपोआप सुटेल. बाबा समोर बघत होते. वहीसुद्धा त्यांनी बरोबर घेतली होती, कुणी विचारलंच तर दाखवायला. तळवलीला ढोल आणि बेंजो सकाळपासून चालू होते. देवळाच्या बाजूच्या खोलीत बायका, बाहेरच्या मांडवात पुरुष. मांडवात बाबा पुरुषांना दाढ्या चिकटवायला लागले. मंडळाची ती चार पोरं मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि दाढी लावून घेत नव्हती. खोलीत मनीषा रडवेली होऊन बसली होती. मी गाठोडं सोडलं. वरचं पांढरं बघून तिची मावशी दारापर्यंत गेलीसुद्धा, बामाशेठना हाक मारायला. मी खालचा शालू काढला, तेव्हा ती परत आली. नाडीची गाठ माझ्या हातून तीन वेळा सुटली. पण काष्टा बसला, पदर बसला, मोर खांद्यावर नीट आले. आत्याचं काम होतं ते. मनीषाने आरशात बघितलं आणि मग सावकाश मान ताठ केली. बाहेरून विचारलं, झालं का. मी नेमाप्रमाणे म्हटलं, "राणीसाहेब, चला."

ती दारात आली आणि आधी शिट्ट्या झाल्या, मग एकदम पुढच्या म्हाताऱ्या बायका वाकून तिच्या पाया पडायला लागल्या. ढोल वाढला. खांबाजवळची पोरं पुढे झाली आणि रथाची दोरी धरायला धावली. बाबा हातात डिंकाची बाटली घेऊन मांडवातून बाहेर आले. त्यांनी हिरवं पाहिलं. मला वाटलं आता ते ओरडतील, रथ अडवतील, आणि मग ती पोरं काय करतील हेही मला दिसत होतं. ते तरातरा पुढे आले. रथाच्या फळीपाशी पोचले. आणि तिथे पदरावरचे मोर त्यांच्या डोळ्यांसमोर आले. ते थांबले. त्यांनी हात पुढे केला, मोराला बोट लावलं, मग पदराच्या कडेची शिवण चिमटीत धरून बघितली, कापलेली कड. बामाशेठ मागून म्हणाले, "आता कशी रानी दिसते, बगा." बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "घरी चल." डिंकाची बाटली उघडीच त्यांच्या हातात होती आणि घरी पोचेपर्यंत बोटं एकमेकांना चिकटली होती.

आत्याने दाराशी तिची पत्र्याची पेटी आणून ठेवली होती. त्यावर घडी घातलेली शाल. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, दिवेलागण झाली होती तरी दिवा लावला नव्हता. बाबा पेटीला अडखळले. पेटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तो कापलास तू," ते म्हणाले. "मी घेतला होता तो."

"हां. तूच घेतलास. आणि मग दर दिवाळीला राखाडीसुद्धा तूच आणलंस." तिचा आवाज अजिबात वाढला नव्हता. "त्या राणीला पांढरं, कारण बखरीत लिहिलंय. कबूल. मला कुठल्या बखरीत लिहिलंय, दादा? दाखव की काढून."

बाबांनी वही काखेत धरली होती. ती त्यांनी दोन्ही हातांत घेतली, जणू खरंच शोधणार, आणि तशीच धरून उभे राहिले. मी पेटीवर जाऊन बसले. मुद्दाम बसले, म्हणजे ती उचलायची तर आधी मला उचलावं लागलं असतं. मग बाबा खाली गाळ्यात गेले आणि शटर अर्धं ओढून घेतल्याचा आवाज आला.

हल्ली माझ्या गाळ्यात मालिकांची पोरं येतात, मोबाइलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, मॅडम, सेम टू सेम पाहिजे. विधवा राणी जांभळ्यात असते, मोरपंखीत असते. मी देते. बखरीत काय आहे तेही एकदा सांगते, कारण ते सांगणं माझ्या रक्तात आहे, आणि ती पोरं ऐकून घेतल्यासारखं करतात. मला विचाराल तर बाबांचं चूक नव्हतं. ती राणी पांढऱ्यातच बसत असणार. फक्त ते पांढरं तिने स्वतः निवडलं होतं की कुणी दिवाळीला आणून दिलं होतं, हे त्यांच्या वहीत नव्हतं, आणि मालिकेतही नव्हतं.

त्या मिरवणुकीनंतर दोन दिवसांनी मनीषाची मावशी शालू परत घेऊन आली, नीट घडी करून, वर नारळ ठेवून. बाबांनी गाळ्यात तो घेतला. टेबलावर पसरला. मग कापडी पट्टी कापली आणि शाईची बाटली काढली. पट्टी लागली की तो धंद्याचा होणार, उद्या कुठल्या शाळेत, परवा कुठल्या मिरवणुकीत, आणि आत्याने काही म्हणायची सोय उरणार नव्हती. बाबांनी आकडा घातला नाही. भूमिकाही नाही. मोठ्या सुबक अक्षरात लिहिलं: भाड्याने देणे नाही. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले, पट्टी स्वतः शिवली, टाके वाकडेतिकडे, आणि शालू माझ्याकडे देऊन म्हणाले, वर नेऊन दे. पेटी तोवर पुन्हा पलंगाखाली गेली होती.

दिवाळीला बाबांनी काय आणायचं ते ठरवता न येऊन काहीच आणलं नाही. बाहेर जाताना आत्याची लुगडी तीच राहिली. मला वाटलं, संपलं.

मग एकदा शाळा लवकर सुटली. जिना चढून वर आले तर बाबा आमच्या बंद दारासमोर उभे, हातात दोऱ्यांच्या रिळांचा डबा. किल्ली त्यांच्या खिशातून अर्धी बाहेर दिसत होती. मी बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून त्या मालिकेच्या दुपारच्या भागाचा आवाज येत होता, दरबार भरला होता, आणि मध्येच जरीची सळसळ ऐकू आली, कुणी बसल्या जागी पदर सावरावा तशी. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. शेजारच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या, आमच्याकडे बघून आत गेल्या. शेवटचं संगीत वाजलं. बाबांनी घसा खाकरला आणि दारावर हलकेच टकटक केली.

"राणीसाहेब, आत येऊ का?"

मग टीव्ही बंद झाल्याचा आवाज, आणि आयुष्यभर त्यांना दादा, अरे-तुरे म्हणणारी आत्या आतून म्हणाली, "थांबा जरा."

बाबा थांबले.